जुळी नव्हेत, तिळी



मध्यंतरी मोऱ्याला आमच्या वस्तीत एका घरी नामकरणविधी झाला. जुळ्या मुली होत्या. दोघींना एकसारखी पिवळी झबली घातलेली आणि पाहुण्यांचा एकच खेळ चाललेला, यातली मोठी कोणती नि धाकटी कोणती. त्रिशरण-पंचशील झाले, फुले वाहून झाली, खिरीच्या वाट्या फिरू लागल्या. बाळंतीण पोर बावीस-तेवीस वर्षांची, जागरणाने डोळे खोल गेलेले. आमच्या आईला तिने शेजारी बसवून घेतले आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला तर सगळं ठाऊक. तुमचीपण जुळीच ना? दोघं एकदम रडायला लागली की तुम्ही काय करायचात?"

आईने खिरीची वाटी खाली ठेवली. म्हणाली, "जुळी नव्हेत गं बाय. तिळी. माझी तिळी होती."

मी समोरच बसले होते. तिळ्यांच्या जन्माच्या वेळी मी बारा वर्षांची होते, म्हणजे मला हे काही नवे नव्हते. पण इतक्या वर्षांत हा शब्द आईच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आमच्या घरी "जुळी" हाच शब्द चालत आला. माझा धाकटा भाऊ नि धाकटी बहीण शाळेत जुळी, वस्तीत जुळी, लग्नाच्या पत्रिकेतही जुळी. त्यांच्यामागून आलेली तिसरी मुलगी नऊ दिवस जगली. तिचे नाव कुठल्याही कागदावर नाही, म्हणून ती बोलण्यातही नाही, असे घरात आपोआप ठरून गेले होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी आईला म्हटले, "आई, तिळ्यांचं सगळं सांग ना एकदा. मी लिहून घेते." आधी ती म्हणाली, "त्यात काय लिहायचं?" मग रात्री साडेबारापर्यंत बोलत होती. तिने सांगितले ते आणि मला स्वतःला आठवते ते, असे मिळून या वेळचे सदर लिहिते आहे.

साल १९९४, फेब्रुवारी महिना, माघी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. आई तेव्हा बत्तीस वर्षांची. मी आणि माझ्या पाठचा भाऊ असे आम्ही दोघे आधीचे. बाबा बंदरात कंत्राटदाराकडे हमाली करीत. आई हंगामात मिठागरावर मिठाच्या पाट्या वाही. पोट सहाव्या महिन्यातच नऊ महिन्यांचे दिसू लागले होते. तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी पोटावर नळी ठेवून "दोन आहेत" असे सांगितले होते. त्यावर आईला आनंद झाला की भीती वाटली? मी विचारले. ती म्हणाली, "हिशेब केला. दोन झबली, दोन दुपटी, एक पाळणा. पाळण्यात दोन मावतील."

सहाव्या महिन्यापर्यंत ती मिठागरावर जात होती. नंतर पाय सुजले तेव्हा घरी बसली. घरी बसली म्हणजे मजुरी बंद. इथे मला लिहिल्यावाचून राहवत नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळाली पाहिजे, यात साऱ्या देशाचे हित आहे, असे त्यांनी तेथे मांडले. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढे १९६१ साली देशासाठी कायदा झाला. पण हे सगळे कारखाना नि कचेरीच्या दारापर्यंत. मिठागरावरच्या बाईला कोण मुकादम भरपगारी रजा देतो? आईला मी या कायद्याचे सांगितले तेव्हा ती हसली. "आम्ही रजा घ्यायचो ना. भाकरी अर्धी करायची, झाली रजा."

असो. आठवा महिना लागला होता. पौर्णिमा असल्याने सायंकाळी विहारात वंदना होती, बायका तिकडे निघाल्या होत्या. आई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती आणि पाणी गेले. शेजारची काकी धावत आली. नर्सबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "इथं ठेवू नका. मुंबईला न्या."

आता मुंबईला नेणे म्हणजे काय, हे ज्यांनी तेव्हाचे उरण पाहिले आहे त्यांनाच कळेल. रस्त्याने जायचे तर पनवेलपर्यंत जायचे, तिथून वाशीची खाडी ओलांडून मुंबई. गाडी मिळाली तरी दोन-अडीच तास, आणि रात्री गाडी देतो कोण? समुद्राने मात्र भाऊचा धक्का तासाभरावर. समोर दिवे दिसतात. पण मोरा बंदरातला गाळ ज्यांना माहीत आहे त्यांना हेही माहीत आहे की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. पौर्णिमेची ओहोटी म्हणजे वर्षातल्या मोठ्या ओहोट्यांपैकी. सायंकाळी सहा-सात वाजता धक्क्यापुढे नुसता चिखल. पाणी चढायची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मला ती वाट पाहणे लख्ख आठवते. आई धक्क्यावर गोणपाटावर कुशीवर पडलेली. काकी तिची कंबर चोळत होती. बाबा पुन्हा पुन्हा कडेला जाऊन पाणी कुठवर आले ते पाहत होते. जणू त्यांनी पाहिले म्हणून पाणी लवकर चढणार होते! मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणींनी आपणहून आडोसा केला. त्यांच्यातल्या एका म्हातारीने विचारले, "कितवा?" काकी म्हणाली, "आठवा." म्हातारीने जीभ चावली. सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती खोटी आहे, हे मी मुद्दाम लिहिते. पोटात जितका आठवडा जास्त, तितके मूल बळकट. आठव्या महिन्याचे मूल सातव्यापेक्षा जास्त तगते. पण त्या धक्क्यावर हे सांगणारे कोणी नव्हते, आणि आईने ते जीभ चावणे पाहिले होते.

साडेआठच्या सुमारास लाँच लागली. ती वेळ सुटण्याची नव्हती. लाँचवाल्याने उतारू गोळा व्हायची वाट पाहिली नाही, आम्हा चार-पाच जणांना घेऊन निघाला. पैसे घेतले नाहीत. मी आणि भाऊ धक्क्यावरच राहिलो. त्यानंतर दहा दिवस आई मला दिसली नाही.

पुढचे आईचे शब्द.

"टॅक्सीतून दवाखान्यात नेलं तेव्हा मध्यरात्र उलटायला आली होती. पहिला पोरगा. रडला. मी म्हटलं, एक झालं. मग पोरगी. तीपण रडली, बारीक आवाजात. मी म्हटलं, झालं, सुटले. डोळे मिटले. तर डॉक्टरीणबाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या, थांबा, अजून एक आहे. मी म्हटलं, बाई, दोनच सांगितली होती. तशाही स्थितीत मला वाटलं, माझीच काही चूक झाली. तिसरी आली ती रडलीच नाही. पायाला धरून पाठ चोळली, तोंडातलं काढलं, तेव्हा मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. तो आवाज मी ऐकला. बाकी कुणी ऐकला की नाही माहीत नाही."

मुलगा सतराशे ग्रॅम, पहिली मुलगी पंधराशे, दुसरी अकराशे. हे आकडे आईला आजही पाठ आहेत. तिला आपली स्वतःची जन्मतारीख माहीत नाही.

नंतर रक्तस्राव सुरू झाला. एकापेक्षा जास्त मुले असली की गर्भाशय फार ताणलेले असते, बाळंतपणानंतर ते लवकर आकसत नाही, म्हणून रक्त जास्त जाण्याचा धोका असतो. दोन बाटल्या लागल्या. बाबा परत येऊन बंदरावरच्या आपल्या दोघा जोडीदारांना घेऊन गेले, त्यांनी रक्त दिले. त्यांतला एक बिहारकडचा होता. पुढे कित्येक वर्षे तो दिवाळीला आमच्याकडे येई आणि तिळ्यांतल्या उरलेल्या दोघांना पाहून आईला सांगे, "मेरा भी खून है इसमें." आई त्याला दरवेळी करंज्या बांधून देई.

तिन्ही मुले काचपेटीच्या खोलीत, आई खालच्या मजल्यावर बाळंतिणींच्या खोलीत. मुले इतकी लहान की त्यांना चोखता येत नव्हते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ मुलाला साधारण आठ महिने भरत आले की जमू लागतो, तोवर नळीने नाहीतर बोंडल्याने पाजावे लागते. आई दर तीन तासांनी वाटीत दूध पिळी आणि भिंतीला धरून जिना चढे. "एका वाटीचे तीन वाटे करायचे. सिस्टर नळीत मोजून घालायची. मोठ्याला जास्त, लहानीला दोन-तीन थेंब. मला वाटायचं, लहानीला जास्त द्यावं. सिस्टर म्हणायची, तिला पचत नाही. मी गप्प बसायचे. पण जिना उतरताना मनात यायचं, आपणच पंगतीत एकीला कमी वाढलं."

नवव्या दिवशी सकाळी आई वाटी घेऊन वर गेली. दोन पेट्यांत दोन मुले. तिसरी पेटी पुसून ठेवलेली. सिस्टरने आईच्या हातातून वाटी घेतली, टेबलावर ठेवली आणि तिला स्टुलावर बसवले. "ती काय बोलली ते मला आठवत नाही. ती वाटी आठवते. वर फडका झाकला होता तिनं."

बाबांना पहाटेच बोलावून घेतले होते. मुलीला कापडात गुंडाळून त्यांच्या हाती दिले. त्यांनी तिला कुठे पुरले, हे बाबांनी सांगितले नाही आणि आईने विचारले नाही. बाबा २०१५ साली गेले. मी परवा आईला म्हटले, "का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "त्यांना सांगावं लागलं असतं."

त्या रात्री आईला दूध फार आले. दोघांना लागते त्याहून पुष्कळ जास्त. अंगात ताप, छाती दगडासारखी. शेजारच्या खाटेवर पोट चिरून बाळंत झालेली एक बाई होती, तिला दूधच उतरत नव्हते, आणि मूल रडून रडून निळे पडत होते. सासू पाण्यात साखर घालून बोटाने चाटवत होती. आई उठून बसली, वाटीत दूध पिळले आणि वाटी पुढे केली. "मला वाटलं, आता विचारतील. आडनाव विचारतील. विचारतात ना! मी उत्तर तयार ठेवलं होतं, खोटं सांगणार नव्हते. वाटी तशीच धरून बसले. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं आणि वाटी घेतली. काहीच नाही विचारलं." पाच दिवस ते मूल आईच्या दुधावर राहिले. मग त्याच्या आईला दूध उतरले. ते लोक कुठले, कोण, आईलाही माहीत नाही. तिनेही त्यांना विचारले नव्हते.

आईला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि मलाही फार उशिरा कळले, की मुंबईतच त्या आधी चार वर्षांपूर्वी, म्हणजे नोव्हेंबर १९८९ मध्ये, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातांच्या दुधाची पेढी सुरू केली होती. आशिया खंडातली ती पहिली. ज्या बाळंतिणींना आपल्या मुलाची गरज भागून दूध उरते, त्या आपखुशीने देतात. त्यांची रक्ततपासणी केली जाते. दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, गार करून, गोठवून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या मुलांना देतात. धारावीसारख्या वस्तीतल्या बायका तिथे बाळंतपणाला येतात. कष्टकरी बायांचे दूध कष्टकरी बायांच्या मुलांना मिळते. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली स्टीलची वाटी आली. एक मात्र खरे, की आज कोणी असे परस्पर दुसऱ्याच्या मुलाला पाजू नये. आजार दुधातून जाऊ शकतात. पेढीत तपासणी होते ती त्याचसाठी.

दुसरीही एक गोष्ट तेव्हा झाली असती तर, असे वाटत राहते. १९७८-७९ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात, काचपेट्या कमी पडत म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची मुले आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू आपल्या पिल्लाला पोटपिशवीत ठेवते तशी. त्या उबेने मूल गार पडत नाही, श्वास नीट चालतो, दूधही वाढते. आता आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही ही पद्धत आहे, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती जन्मल्याबरोबर सुरू करावी असे सांगितले. बाप, आजी, आत्या कोणीही मूल असे धरू शकते. तीन मुले आणि तीन छात्या. हे आईला सांगितले तेव्हा ती किती तरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी धरली असती."

हे केले असते तर ती जगलीच असती, असे मी म्हणत नाही. अकराशे ग्रॅमच्या मुलाची फुप्फुसे फार नाजूक असतात. आज मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर मुलाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून आईला आधीच इंजेक्शन देतात. तेव्हा आई मध्यरात्री पोचली, द्यायला वेळच नव्हता. आणि तो वेळ ओहोटीने घेतला होता.

तिळी किती दुर्मीळ? औषधोपचाराशिवाय साधारण सात-आठ हजार बाळंतपणांत एकदा, असे जुने गणित सांगते. आईचे वय तिशीच्या पुढे असले आणि आधी मुले झालेली असली, की शक्यता थोडी वाढते. अलीकडे वंध्यत्वावरच्या उपचारांमुळे तिळ्यांचे प्रमाण वाढले, म्हणून डॉक्टर आता गर्भाशयात एका वेळी कमीत कमी गर्भ ठेवावेत असा आग्रह धरतात. त्याचे कारण आमच्या घरी घडले तेच. तिळी सरासरी आठव्या महिन्यातच जन्मतात. माझ्या भगिनींना एवढेच सांगते, की पोट महिन्याच्या मानाने मोठे वाटले तर सोनोग्राफी लांबवू नका. एकाहून जास्त असतील तर बाळंतपण कुठे करायचे ते सातव्या महिन्याच्या आत ठरवून ठेवा, जिथे नवजात मुलांचा अतिदक्षता कक्ष आहे तिथेच. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, रक्त आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत देण्याची योजना आहे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू झाला, त्याच दिवशी उरणची रेल्वेही सुरू झाली. मोऱ्याची बाई आता ओहोटीची वाट पाहत पडून राहायला नको.

परत धक्क्यावर येते. चाळीस दिवसांनी आई घरी निघाली. लाँचमध्ये एका मांडीवर मुलगा, दुसऱ्या मांडीवर मुलगी. समोर बसलेल्या एका बाईने कौतुकाने विचारले, "जुळी वाटतं?"

"मी मान हलवली. म्हटलं, आता हिला कुठं सगळं सांगत बसू. लाँच होती, माणसं होती. मान हलवली आणि तिथून पुढं सगळेच जुळी म्हणू लागले. मीच पहिल्यांदा हो म्हटलं ना!" आईला तीस वर्षांहून अधिक काळ हेच टोचत होते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

वस्तीतही लोक बोललेच. कोणी म्हणाले, "सुटली बिचारी, तुझाही भार हलका झाला." कोणी "तीन तिगाडा, काम बिगाडा" म्हणाले. एका नातलग बाईने दोन्ही मुलांच्या दंडाला काळे दोरे आणून बांधले. बाबांनी ते विळीवर कापले आणि चुलीत टाकले. म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला दोऱ्यातून सोडवलं ते परत बांधून घ्यायला नाही." पण "भार हलका झाला" याचे उत्तर मात्र कोणालाच द्यायला जमले नाही. मी बारा वर्षांची. मला मनातून, खरे सांगायचे तर, थोडे तसेच वाटले होते. दोन मुलांच्या लंगोट्या धुता धुता माझी सहावीची परीक्षा बुडायची वेळ आली होती. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आईनेच सांगितले, "लिही तेपण. तू पोर होतीस."

मोजणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मी कारकून. माझ्या टेबलावरून लहान कुटुंबाची प्रतिज्ञापत्रे जातात. २००५ च्या त्या नियमात एक स्पष्टीकरण आहे. आधी एकच अपत्य असलेल्या दांपत्याला पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली, तरी ती सगळी मिळून एक मोजायची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या कायद्यातही असेच आहे. स्पष्टीकरण न्यायाचे आहे, तक्रार नाही. प्रसूतीच्या रजेचे मात्र उलट. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवडे झाली, पण मूल एक असो की तीन, आठवडे तेवढेच. आणि आधीची दोन हयात असतील तर बारा. म्हणजे सरकारच्या लेखी माझी तिन्ही भावंडे कधी एक, लोकांच्या लेखी दोन.

फक्त जनगणनेच्या कागदाने नीट विचारले. २०११ साली घरी प्रगणक आले होते. त्यांनी विचारले, "मुले किती?" आई म्हणाली, "पाच." बाबा म्हणाले, "चार." प्रगणक शिक्षक होते, समजूतदार होते. म्हणाले, "दोन्ही बरोबर आहे. इथं दोन रकाने आहेत. जिवंत जन्मलेली किती आणि आता हयात किती." आईने पाच लिहिलेले पाहिले. मग उठून चहा टाकायला गेली. त्या दिवशी त्या मास्तरांना चहाबरोबर पोहेही मिळाले, हे माझ्या लक्षात होते. का मिळाले, ते आता कळले.

आईचे सांगून झाल्यावर मला स्वस्थ बसवेना. माझ्यासारख्या कारकुनाला दुसरे काय सुचणार? एक दिवस रजा टाकून मुंबईला गेले. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद व्हावीच लागते, मग ते नऊ दिवस जगो की नऊ तास. भावा-बहिणीचे दाखले शाळेच्या वेळी बाबांनी काढले होते, त्यावरचे नोंदणी क्रमांक माझ्याकडे होते. त्यांच्या पुढचाच क्रमांक मी अर्जात लिहिला. खिडकीवरच्या भाऊंनी विचारले, "कशासाठी पाहिजे?" मी म्हटले, "घरात ठेवायला." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आणखी काही विचारले नाही. दुसऱ्या खेपेला दाखला मिळाला. जन्माचाही आणि मृत्यूचाही. लिंग, स्त्री. आईचे नाव, बापाचे नाव, पत्ता मोरा. बाळाच्या नावाची जागा कोरी. नाव पुढे पंधरा वर्षांपर्यंत भरता येते. ती मुदत केव्हाच उलटली होती.

घरी येऊन मी आईपुढे दाखला ठेवला. तिला अक्षरे लागत नाहीत, वस्तीतल्या साक्षरता वर्गात ती सही करण्यापुरते शिकली. मी वाचून दाखवले. नावाची जागा रिकामी आहे, असेही सांगितले.

"असू दे," ती म्हणाली. "मी ठेवलं होतं. मला ठाऊक आहे." काय ठेवले होते ते तिने मला सांगितले नाही.

मग पत्र्याच्या पेटीतून भावाचा आणि बहिणीचा जुना दाखला काढून तिने विचारले, "तिघांचे नंबर लागोपाठ आहेत का गं?"

मी तिन्ही दाखल्यांवर बोट ठेवून नंबर वाचले. लागोपाठ होते. आईने तिन्ही कागद त्याच क्रमाने एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवता सरकवता थांबली.

"वजन लिहिलंय का त्यात?"

"नाही आई. दाखल्यावर वजन लिहीत नाहीत."

"अकराशे ग्रॅम," आई म्हणाली.